धरण एका देशात, वीज तिघांना! मग गोदावरीच्या पाण्यावरून दरवर्षी भांडण का?

पावसाळा आला की जालन्यात एकच चर्चा, जायकवाडी किती टक्के भरलं? कारणही तसंच आहे. जालना शहराला पिण्याचं पाणी पैठणहून येतं. अंबड, घनसावंगीतल्या उसाची मदारही डाव्या कालव्यावर आहे.

वरचे विरुद्ध खालचे

जायकवाडीच्या वर नाशिक आणि अहिल्यानगरमधली धरणं आहेत. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र 2014 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवून दिलं. त्याचा आधार 2005 चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा. तरी 2023 मध्ये 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला आणि वाद पेटलाच.

पण महाराष्ट्रही कुणाच्या तरी वर आहेच

1980 च्या बच्छावत लवादाने पैठणपर्यंतचं पाणी महाराष्ट्राला दिलं. त्याखाली नव्या प्रकल्पांसाठी मर्यादा घातली 60 टीएमसीची. नांदेडच्या बाभळी बंधाऱ्याचा वाद तर सुप्रीम कोर्टात गेला. 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बाभळीचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे नाशिकसाठी जालना खालचा, तर तेलंगणासाठी वरचा.

आफ्रिकेत काय केलं?

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या देशांनी 1972 साली एकत्र संस्था काढली. मनंताली धरण मालीत बांधलं, पण मालकी तिघांची. खर्च वाटून घेतला. विजेचा वाटाही ठरला: माली 52, सेनेगल 33, मॉरिटानिया 15 टक्के. सगळं गोड झालं असं नाही. नदीच्या पुरावर शेती करणाऱ्यांना फटका बसला. पण धरणातून मिळणारा फायदा तिघांचा झाला.

मग गोदावरीचं काय?

आपल्याकडे वाटणी होते ती फक्त पाण्याची. जायकवाडीच्या पाण्यावर जालन्यात ऊस पिकतो, कारखाने चालतात. त्यातला वाटा वरच्या शेतकऱ्याकडे जात नाही, म्हणून सोडलेलं पाणी त्याला निव्वळ तोटा वाटतो. दुसरीकडे, जालन्यातल्या बाईला टँकरची वाट बघायची नसेल, तर पाणी यायलाच हवं.

त्यामुळे किती टीएमसी सोडायचं हे ठरवताना, त्या पाण्यावर कोण काय कमावतं आणि दुष्काळाचा भार कोण उचलतं, हाही हिशोब मांडावा लागेल. नाहीतर पुढच्या कोरड्या वर्षी पुन्हा तेच, वर मोर्चा आणि खाली टँकर.