पायाखालची जमीन

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. देवापाशी दिवा लावून मी बाहेर आले, तो आमची नात जेवणाच्या खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून गुडघे वाकवीत उभी! टाचा एकमेकींना चिकटलेल्या आणि पावले मात्र दोन दिशांना, घड्याळात पावणेतीन वाजावेत तशी. मला वाटले, पाय मुरगळला.

"आजी, हे प्लिए आहे," ती म्हणाली. "बॅलेतला पहिला धडा."

ही माझ्या लेकीची लेक. आईबाप नाशिकला, ही कॉलेजसाठी आमच्याकडे शनिवार पेठेत. नऊ वर्षे कथक शिकलेली, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झालेली, विशारदच्या वाटेवर असलेली. स्नेहसंमेलनात हिचे नाव पुकारले की मागच्या बाकांवरून शिट्ट्या येतात, असे तिच्या मैत्रिणी सांगतात. अशा मुलीने एक दिवस ‘ये बॅले’ हा २०२० सालचा चित्रपट पाहिला. मुंबईतल्या साध्या घरांतली दोन मुले यहूदा माओर या परदेशी गुरूच्या हाताखाली बॅले कशी शिकली, त्याची ती कथा. अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान या खऱ्या मुलांवरून घेतलेली. झाले! हिने गावातल्या एका वर्गात नाव घातले. तिथे नवशिक्यांचा वर्ग एकच. त्यातली सर्वांत मोठी मुलगी दहा वर्षांची, आणि तिच्यानंतर आमची एकोणीस वर्षांची.

त्या रात्री ती नीट जेवली नाही. भात चिवडता चिवडता म्हणाली, "आजी, मला नाचता येतं असं मला वाटत होतं. तिथं मला उभंसुद्धा राहता येत नाही."

मी काही बोलले नाही. या वयाच्या मुलीला लगेच समजावायला गेले की ती पान सोडून उठते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पण मी तिला विचारले, तिथे उभे राहतात तरी कसे? मग तिने दाखवले.

बॅले हा राजदरबारात वाढलेला नाच. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. स्वारी स्वतःही नाचत असे. म्हणून आजही कुठल्याही देशातल्या वर्गात शब्द चालतात ते फ्रेंच, जसे आपल्या कथकाच्या वर्गात मुलगी सदाशिव पेठेतली असो की शिकागोतली, तिच्या तोंडी ‘आमद’ आणि ‘सलामी’ हे उत्तरेचेच शब्द. पावलांची मूळ स्थाने पाच, आणि पाचांतही पाऊल बाहेर वळलेले. ते वळवायचे खुब्यापासून; नुसते गुडघ्यापासून वळवले तर गुडघा कामातून जातो. या एका वळणासाठीच मुलींना लहानपणी धरतात, कारण हाडे जून झाली की खुबा ऐकत नाही. १८३२ साली मारी टॅग्लिओनी ‘ला सिल्फीद’मध्ये बोटांच्या टोकावर उभी राहून नाचली आणि तेव्हापासून प्रत्येक नवशिकीला त्या रेशमी बुटांचे वेड लागले. बुटाचे टोक म्हणजे कापड, कागद आणि सरस यांचे थर. आमच्या नातीला ते इतक्यात मिळणार नव्हते. आधी पाय तयार व्हायला हवेत.

तिची खरी अडचण वेगळीच होती. कथकात पावले सरळ, शेजारी शेजारी, आणि सारा जोर खाली. पाऊल जमिनीवर आपटले आणि बोल निघाला नाही तर चूक. बॅलेत उंच उडी मारून खाली येताना आवाज झाला तर चूक! नऊ वर्षे जे पाय बोलायला शिकले, त्यांना आता गप्प राहायला सांगत होते. दोन्हींत सारखी अशी एकच गोष्ट तिला सापडली. गिरकी घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर रोखायची, अंग फिरू द्यायचे आणि मान शेवटी झटकन फिरवायची. मग भोवळ येत नाही.

आमच्या पिढीला ‘बॅले’ हा शब्द काही नवा नव्हता. पण आम्ही बॅले म्हणत होतो ते नृत्यनाट्याला: मागे वाद्यवृंद, पुढे पंचवीस नर्तक आणि संवाद नाहीत. शांति बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला आणि रामायण कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने नाचवले, त्याला सारे बॅलेच म्हणत. मालवणकडचे पार्वतीकुमार यांचे ‘देख तेरी बंबई’ हेही बॅलेच. त्यात रशियन पाय कुठेच नव्हते. गंमत अशी की या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक रशियन बाई होती. अ‍ॅना पावलोवा हिने १९२३ साली लंडनच्या रंगमंचावर ‘राधा-कृष्ण’ सादर केले. राधा ती स्वतः आणि कृष्ण चित्रकला शिकायला तिकडे गेलेला तरुण उदय शंकर. रुक्मिणीदेवी अरुंडेल तर तिच्या संचातल्या क्लिओ नॉर्डीकडून बॅले शिकू लागल्या होत्या. पावलोवानेच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे बघायला सांगितले, आणि १९३६ साली मद्रासजवळ कलाक्षेत्र उभे राहिले. आपल्याकडे खंडाळ्याच्या थंड हवेत मेनकाबाईंनी कथकाची शाळा काढली, तीही त्याच सुमारास. कथकातून समूहाचे बॅले बांधणाऱ्या त्या पहिल्या. त्यांच्या संचाबरोबर दमयंती जोशी ही मुंबईची मराठी मुलगी कोवळ्या वयातच युरोप पाहून आली.

हे सारे मी नातीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आजी, तुला कुणी गप्प बसवलं होतं का गं कधी?"

बसवले होते. त्याची गोष्ट अशी.

आमचा वाडा ओंकारेश्वराच्या अंगाला. १९७३ साली मी कॉलेजात गेले आणि नाच शिकण्याचा हट्ट धरला. शनिवारवाडा घरापासून पाच मिनिटांवर. त्या वाड्यात पेशव्यांचा गणपती रंगमहाल होता, तिथे नाचगाणे होत असे. १८२८ च्या आगीत सारे गेले आणि जोती तेवढी उरली. म्हणजे नाच आमच्या पेठेत होता, पण घरात नव्हता. वडिलांची हरकत नाचापेक्षा शब्दांना अधिक. ‘चाळ बांधणे’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे तमाशाचा फड उभा राही. ‘घुंगरू’ म्हटलेले मात्र चाले! अर्थ एकच, पण हिंदीतून आला म्हणून त्याला सोवळे नेसवलेले. अखेर "स्नेहसंमेलनापुरतं" एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली.

आमचे बिऱ्हाड माडीवर. लाकडी तुळया, वर फळ्या, वर माती आणि सारवण. तीनतालात ‘ता थै थै तत्, आ थै थै तत्’ दुगुनीपर्यंत ठीक चाले. चौगुनीला लागले की खालच्या बिऱ्हाडात मातीची भुकटी गळे. एका एकादशीला ती खालच्या काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीत पडली. काकू बोलल्या काहीच नाहीत. ताटली तशीच वर घेऊन आल्या आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवून गेल्या. त्याच संध्याकाळी माझे घुंगरू ट्रंकेत गेले. (भाद्रपदाच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो, तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. ढोलाची ताटली मात्र कोणी कोणापुढे नेऊन ठेवलेली मी पाहिली नाही.)

मी रडत नाचाच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पाय बंद झालेत ना? तोंड तर बंद नाही? पढंत कर." मग आठ महिने मी घरी फक्त तोंडाने नाचले. हातावर ताल धरायचा, बोल म्हणायचे आणि सोळा मात्रांत कुठे आहोत ते चुकू द्यायचे नाही. बाईंकडे आठवड्यातून दोनदा पाय मोकळे होत, तेवढेच. त्या आठ महिन्यांत मला एक नकोशी गोष्ट कळली. नवव्या मात्रेपाशी मी नेहमी किंचित धावत असे. घुंगरांच्या गलक्यात ते आजवर खपून गेले होते. तोंडाने म्हणताना ते उघडे पडले.

मी त्यानंतर चार वर्षे नाचले आणि लग्नानंतर सोडले. कोणी मोडता घातला म्हणून नव्हे. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण आमच्या वयाच्या बायका याबाबतीत सासूवर फार सहज ढकलतात. पुन्हा पहिल्यापासून अंग तयार करण्याचा मला कंटाळा आला.

म्हणूनच रोहिणी भाटे यांच्याविषयी मला नेहमी नवल वाटत आले आहे. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. तो योग माझ्या वाट्याला आला नाही. पण पुण्यात नाचणाऱ्या कुठल्याही मुलीच्या वाटेत त्यांचे नाव येतेच. जन्म १९२४ चा, घर मध्यमवर्गीय. १९४६ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झाल्या. त्यांनी आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम्‌चे धडे घेतले होते. मग जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक सुरू केले आणि १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ काढली. वय तेव्हा बावीस-तेवीस. एवढ्यावर कोणीही ‘बाई’ म्हणून स्थिर झाले असते. पुण्यात पाटी लागली, मुली येऊ लागल्या, आणखी काय हवे?

आणि पुढची गोष्ट ही, की शिकवीत असतानाच त्या पुन्हा शिकायला बसल्या. लखनौच्या लच्छू महाराजांकडे बारा वर्षांहून अधिक. ‘मुगल-ए-आझम’मधली नृत्ये बसवणारे तेच हे. आणि जयपूर व लखनौ या दोन्ही वाटा चाललेले मोहनराव कल्याणपूरकर, त्यांच्याकडे सुमारे पंधरा वर्षे. एका घराण्याचे अंग बसलेले असताना दुसऱ्याचे घ्यायचे, म्हणजे मनगटापासून मानेपर्यंत सगळे पुन्हा तपासायचे. गाणेही त्या केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे शिकल्या, म्हणून पुढे आपल्या रचनांचे संगीत स्वतः करू शकल्या. ‘ऋतुसंहार’, ऋग्वेदातले उषासूक्त असले विषय त्यांनी कथकात आणले. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये त्या गेल्या. ‘माझी नृत्यसाधना’ हे आत्मकथन मागे आहे. ‘साधना’ शब्दाचा आपल्याकडे इतका चुथडा झाला आहे की एरवी मी तो वापरत नाही, पण या पुस्तकावर तो शोभतो.

त्यांनी आणखी एक काम केले, आणि नातीला तेच सर्वांत आवडले. इझाडोरा डंकन हिचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले. इझाडोरा अमेरिकेची, बॅलेचे बूट आणि बॅलेची ती वळवलेली पावले तिने साफ नाकारली आणि अनवाणी नाचली. अनवाणी नाचणाऱ्या पुण्याच्या बाईंना ती जवळची वाटली असावी, असा माझा आपला तर्क.

"पण आजी," नात म्हणाली, "रोहिणीताई काही नऊ वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या!"

हे मात्र खरे. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ती रांग तिने सोडली नाही. शेजारची आठ वर्षांची मुलगी तिला दटावते, "ताई, पोट आत घे." फ्रेंच शब्दांची उजळणीही तीच घेते. एकदा शिक्षिकेने गिरकीत नजर कशी ठेवायची ते दाखवायला आमच्या नातीला पुढे बोलावले. तिने कथकातल्या सवयीने सलग सत्तावीस चक्कर घेतले, पोरी आ वासून बघत राहिल्या, आणि पुढच्याच उडीला ही धप्पकन आदळली. पोरी हसल्या. घरी येऊन सांगताना तीही हसली. श्रावणात हेच घडले असते तर ती दोन दिवस जेवली नसती.

पण सगळे गोड झाले असे नाही. कथकाच्या बाईंनी एका महिन्यात दोन शेरे मारले. पहिला चांगला: तिहाईच्या शेवटी सम गाठताना पूर्वी तोल किंचित डगमगे, आता ती खांबासारखी थांबते. दुसरा वाईट: ठाटात उभी राहिली की पावले बाहेर पळतात! अंगात नवे आले की जुने थोडे सांडतेच. विशारदची परीक्षा तिने एक वर्ष पुढे ढकलली. नाशिकहून फोनवर फोन. "आई, तू तिला समजाव. ना धड हे, ना धड ते." लेक म्हणते त्यात तथ्य आहे. विसाव्या वर्षी बॅले सुरू करून कोणी लंडनच्या रंगमंचावर जात नाही, आणि नातीलाही ते माहीत आहे. तरी मी समजावले नाही. ट्रंकेतल्या घुंगरांची मला थोडी लाज वाटली म्हणा.

हल्ली संध्याकाळचा तिचा वेळ खुर्चीपाशीच जातो. वाडा पाडून इमारत झाली त्याला पुष्कळ वर्षे लोटली. पायाखाली आता स्लॅब आणि वर फरशी. माती गळण्याची भीती नाही, पण उडीसाठी अशी जमीन गुडघ्यांची वैरीण. म्हणून घरी ती उड्या मारत नाही. सतरंजी घालून नुसते वाकणे आणि उठणे, तासभर, मुकाट्याने.

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात गाठले. माझ्या पोटात गोळाच आला. एकादशीची ताटली माणूस जन्मभर विसरत नाही.

"नात नाशिकला गेली का हो?" त्यांनी विचारले. "सहा महिने झाले, वरून काही आवाजच नाही."

मी म्हटले, "आहे की. हल्ली ती आवाज न करता नाचते."

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "आमचे हे रोज विचारतात. तिचा नाच सुरू झाला की साडेसहा वाजले असं समजून ते चहा टाकायचे. आता रोज उशीर होतो."

मी निरोप वर पोहोचवला. नातीने खुर्ची बाजूला सारली, सतरंजी गुंडाळली आणि कपाटातून चाळ काढले. चौगुन सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच खालून आल्याच्या चहाचा वास आला.