गुडघ्यातले प्लास्टिक आणि दुधाची पिशवी: फरक काय?

"डॉक्टर, गुडघ्यात प्लास्टिक बसवणार म्हणे. टिकेल का ते?" सांधेबदल शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की घरचे लोक हमखास हे विचारतात. शंका रास्त आहे. कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडावर धातूची टोपी असते, खाली नडगीच्या हाडावर बहुधा धातूचीच बैठक, आणि मध्ये पॉलिथिलीनची जाड चकती. दुधाची पिशवीसुद्धा पॉलिथिलीनचीच! रसायन तेच, फरक आहे तो आतल्या रचनेत.

पॉलिथिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. पिशवीच्या प्लास्टिकमध्ये या साखळ्यांना फांद्या असतात. बाभळीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी मध्ये पोकळ्या राहतात, तसेच हे. म्हणून पिशवी मऊ असते. तेलाच्या जाड कॅनमध्ये साखळ्या जवळजवळ सरळ असतात आणि उसाच्या मोळीसारख्या घट्ट बसतात. म्हणून कॅन कडक.

गुडघ्यातल्या चकतीतही साखळ्या सरळच असतात, पण कैक पट लांब. त्यांचा रेणूभार २० लाखांच्या वर जातो. इतक्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, त्यामुळे त्या कॅनइतक्या घट्ट रचल्या जात नाहीत. पण हा गुंताच आपल्या कामाचा. ताण आला तरी साखळ्या सहज सुटत नाहीत आणि घासून होणारी झीज फार सावकाश होते. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरले होते. ते थोड्याच वर्षांत झिजले. १९६२ पासून ते या पॉलिथिलीनकडे वळले.

तरीही झीज शून्य नसते. झिजलेले सूक्ष्म कण शरीरातल्या पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून दाह होतो, आजूबाजूचे हाड हळूहळू विरते आणि सांधा ढिला पडू शकतो. सुरुवातीला हे दुखत नाही. त्यामुळे "मला काही त्रास नाही" म्हणून सर्जनने सांगितलेला एक्स-रे चुकवू नका.

काही ठिकाणी 'हायली क्रॉसलिंक्ड' चकती सुचवतात. किरणोत्सर्गाने साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. झीज घटते, पण चिवटपणाही थोडा कमी होतो. खुब्याच्या सांध्यात याचा फायदा चांगला दिसून आला आहे, गुडघ्यात तो तितका स्पष्ट नाही. जास्त पैसे भरण्याआधी सर्जनना सरळ विचारा, "माझ्या वयाला आणि वजनाला याने नेमका काय फरक पडेल?"

शस्त्रक्रियेनंतर कधीही गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर ती झीज समजू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी सर्जनना दाखवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.