गच्चीवरचं एक घर

आमची इमारत पुण्यात कुमठेकर रस्त्याच्या आतल्या बोळात आहे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर क्लास, वर बिऱ्हाडं. तीन वर्षांपूर्वी मूळ मालकांच्या नातवानं गच्चीवर एक फ्लॅट चढवायचं म्हटलं. त्याला पेठेतच राहायचं होतं. तेव्हापासून मी जुनी कागदपत्रं वाचतोय, आणि एक मजला वाढवण्याच्या हक्काचा साठ वर्षांचा प्रवास त्यांत सापडला.

वाड्याच्या काळात प्रश्नच नव्हता. मालकानं ठरवलं की मजला चढे. पुढे 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, दुरुस्ती परवडेना. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नारायण, शनिवार पेठांतले वाडे ढासळले. मालकीच्या फ्लॅटची रीत रुजू लागली तशी बिल्डर आणि घर घेणारा यांच्यातली देवघेवही बांधून घ्यावी लागली. 1963 च्या मोफा कायद्यानं सांगितलं की फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय इमारतीत वाढीव बांधकाम करायचं नाही. 1986 च्या दुरुस्तीनं त्याला वाट करून दिली, तरी बांधकाम आधीच्या मंजूर आराखड्यात दाखवलेलं असलं पाहिजे, हा मुद्दा राहिलाच.

दुकानं खाली का आली, तेही तेव्हा कळलं. 1987 च्या विकास आराखड्याबरोबरच्या नियमांत मध्यवर्ती पेठांना निव्वळ राहण्यासाठी दीड एफएसआय, म्हणजे जागेच्या दीडपट बांधकाम, होता, आणि व्यापारी वापरासाठी आणखी अर्धा. दोन हजार चौरस फुटांच्या जागेवर तीन हजार फूट घरं आणि वर हजार फूट दुकानं. ते हजार फूट कोण सोडणार? पेठेचा आजचा चेहरा बराचसा या अर्ध्या आकड्यानं घडवला.

मग अडतं कुठे? आमच्याकडे खरेदीखत सोसायटीच्या नावावर झालंच नव्हतं. जमीन कागदोपत्री मालकांच्याच कुटुंबाकडे. 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे मालकानं खत करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय झाली, आम्ही ती उशिरा वापरली. नव्या प्रकल्पांत तर मंजूर आराखडा बदलायला 2016 च्या रेरा कायद्यानं दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि एकाच कुटुंबाचे चार फ्लॅट असले तरी मत एकच मोजतात. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. ज्याच्या डोक्यावर स्लॅब पडणार, त्याला विचारायलाच हवं.

डिसेंबर 2020 च्या एकत्रित नियमावलीनंतर वाढीव एफएसआयचं गणित रस्त्याच्या रुंदीवर आलं. आमचा बोळ अरुंद, तरी जागेचा थोडा एफएसआय शिल्लक होता. आर्किटेक्टनं टेप लावून जिना मोजला, पार्किंग मोजलं, खांबांची तपासणी मागितली. एका खांबाला खाली दुकानाच्या पोटमाळ्यावर हात लावला तर गंजलेली सळई उघडी दिसली. ती बघून बैठकीत सगळे गप्प झाले.

नातवावर मला राग नाही. आजोबांच्या जागेत राहावंसं वाटणं खरंच आहे. त्यानं खांबाची दुरुस्ती स्वतःच्या खर्चानं करून द्यायचं कबूल केलंय. वरच्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या. तीन दुकानदारांच्या बाकी आहेत. नव्या सांडपाण्याची नळी त्यांच्या पोटमाळ्यातून जाणार, ती कुठून न्यायची हे आर्किटेक्ट पुढच्या रविवारी येऊन दाखवणार आहे.