माथेरानच्या जुन्या हॉटेलात शिकलेला हिशेब

व्यापारी व कारागीर बंधूंनो, तीन दिवस दुकानाला कुलूप लावून प्रशिक्षणाला जावे काय, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. वर्ग भरणार होता माथेरानला, ब्रिटिश अमदानीतील एका जुन्या बंगल्याच्या हॉटेलात. याच माथेरानला १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे नेली ती मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथे गिऱ्हाईक नाही, गोंगाट नाही. शिकण्यात मन लागते.

पहिल्याच दिवशी फळ्यावर एका चामडी पिशवीचा हिशेब मांडला गेला. कातडे ३०० रुपये, अस्तर व चेन ६०, विक्री ४५०. ‘नफा ९०,’ आम्ही सर्वांनी सांगितले. मग प्रश्न आला, शिवायला वेळ किती? तीन तास. ताशी ७० रुपये धरले तरी मजुरी २१०. म्हणजे नफा नव्हे, १२० रुपयांची खोट! भाडे व वीज तर अजून धरलीच नव्हती. आपण स्वतःची मजुरी लावत नाही, म्हणून दिवसभर राबूनही गल्ला रिकामा राहतो.

प्रशिक्षणालाही हाच नियम लावा. फी, प्रवास, मुक्काम आणि बंद दुकानाचे तीन दिवस, सर्व खर्चात धरा. काय शिकवणार ते आधी विचारा. आपल्या मालाचा खरा हिशेब सोबत न्या. परतल्यावर आठवडाभरात एका तरी वस्तूचा भाव नव्याने बांधा. नाहीतर थंड हवा खाऊन आलो, एवढेच हाती राहील.