सुरी कुठे थांबते

खोल भाजलेली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिथे जाड, खाजणारा वण उठण्याची भीती फार वाढते. मान छातीकडे ओढली जाते, बोटं आखडतात. तरीही 1960च्या आधी बहुतेक ठिकाणी जळालेली कातडी आपोआप सुटण्याची वाट पाहिली जाई. त्यात जंतुसंसर्ग होई आणि ग्राफ्टला, म्हणजे जखमेवर त्वचा लावायला, उशीर होई.

ही वाट पाहणं नाकारलं ते युगोस्लाव्हियातल्या मारिबोर शहरात डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी. भाजल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या जळालेली त्वचा पातळ थरांनी तासत जात. रक्ताचे बारीक ठिपके उमटले की सुरी थांबे, कारण तिथून खाली जिवंत त्वचा असे. त्यावर लगेच रुग्णाचीच त्वचा लावत. 1970मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि देशोदेशींचे शल्यचिकित्सक मारिबोरला ती बघायला गेले. खालचा जिवंत थर वाचवण्याचा हा धीर मला या साऱ्या कलेचा गाभा वाटतो.

लावायची त्वचा बहुधा मांडीवरून घेतात. रूळ लावलेली हंबी सुरी किंवा विजेवरचं डर्माटोम मिलिमीटरच्या अंशाइतका थर उचलतं. मांडी साधारण दोन आठवड्यांत भरते. थर जितका जाड, तितका ग्राफ्ट कमी आखडतो. त्वचा अपुरी असेल तर यंत्रातून तिला चिरा पाडून जाळी करतात. ती ताणून मोठी जखम झाकता येते आणि खालचं पाणी बाहेर पडतं. पण जाळीची नक्षी कायम राहते, म्हणून चेहऱ्यावर आणि हातावर शक्यतो जाळी न केलेली अखंड त्वचाच लावावी.

पहिले दोनेक दिवस ग्राफ्ट जखमेतला द्रव शोषून जगतो, मग रक्तवाहिन्या जुळतात. खाली रक्त साचलं किंवा तो सरकला, तर वाया जातो.

शरीराचा बराच भाग भाजला असेल, तर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणच्या त्वचापेढीतली मृत्यूनंतर दान केलेली त्वचा लावतात. शरीर ती काही आठवड्यांनी नाकारतंच, पण तेवढ्यात रुग्ण सावरतो आणि मांडी पुन्हा त्वचा द्यायला तयार होते. दात्याचा रक्तगट जुळवावा लागत नाही.

जखम भरल्यावर वण जाड होऊ नये म्हणून घट्ट दाबाचे कपडे येतात. दिवसाचे तेवीस तास, कित्येकदा वर्षभर, मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा. मानेला स्प्लिंट आणि रोजचा व्यायाम असतोच. घरच्यांना हे घरी सोडतानाच बसून समजावून सांगायला हवं.