रांग तुमची कुठली?

ऑनसाइट ॲमस्टरडॅमला चाललाय? मग सरकारी कचेरी म्हटलं की आपल्या पोटात जो गोळा येतो, तो पुण्यातच ठेवून या. २०१६ मध्ये मी इथे आले तेव्हा एचआरने अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवली होती. रेसिडेन्स परमिट, पालिकेत नावनोंदणी आणि बीएसएन (हा नंबर नसेल तर इथे तुमचं पानही हलत नाही!), सगळं एकाच फेरीत. खेळ खल्लास! ॲमस्टरडॅमने इमिग्रेशन खात्याला बरोबर घेऊन २००८ मध्ये हे एक्सपॅट सेंटर काढलं. आता त्याचं नाव 'इन ॲमस्टरडॅम'. मोठ्या कंपन्या आणि त्यांची हुशार माणसं दुसऱ्या शहरात जाऊ नयेत, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आपल्यासारख्यांना इथे 'केनिसमिग्रांट' म्हणतात. ज्ञान घेऊन आलेला स्थलांतरित! ऐकायला एकदम भारी. या ज्ञानवंताला डच आलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मी राहते त्या ॲमस्टेलव्हेनमध्ये तर भारतीयांची एवढी वस्ती आहे की मेथीपासून दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत सगळं मिळतं. १९९९च्या वर्ल्ड कपची मॅच झालेलं क्रिकेट ग्राउंडसुद्धा इथेच. 'डांक यू वेल' एवढ्या भांडवलावर वर्षानुवर्षं मजेत काढलेली मंडळी मला माहीत आहेत.

पण याच शहरात दुसरी एक रांग आहे. लायब्ररीतल्या 'तालकॅफे'त, म्हणजे चहा-कॉफीसोबत डच बोलायच्या अड्ड्यावर, माझी सीरियाहून आलेल्या एका बाईंशी ओळख झाली. त्या निर्वासित, त्यामुळे त्यांना 'इनबुर्खरिंग' सक्तीचं. भाषा, डच समाजाची माहिती, नोकरीबाजाराची तयारी असं सगळं तीन वर्षांत पास व्हायचं. २०१३ पासून सरकारने ही जबाबदारी थेट येणाऱ्यावर टाकली होती. दहा हजार युरोपर्यंत कर्ज घ्या, क्लास तुम्हीच शोधा. निर्वासित वेळेत पास झाला तर कर्ज माफ, नाहीतर दंड. आता मला सांगा, ज्या माणसाला डच वाचता येत नाही, त्याने डच शिकवणारा चांगला क्लास निवडायचा कसा? व्हायचं तेच झालं. पैसे उकळणाऱ्या क्लासेसचं पीक आलं, गैरप्रकार उघडकीस आले आणि सरकारलाच ही पद्धत फसल्याचं मान्य करावं लागलं.

म्हणून १ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा आला आणि सूत्रं पुन्हा पालिकेकडे, म्हणजे 'खेमेंटे'कडे आली. आता अधिकारी आधी माणसाला समोर बसवून विचारतात, शिक्षण किती, घरी कोण, काम कुठलं येतं? मग त्याच्यासाठी लेखी प्लॅन बनतो. तीन मार्ग आहेत. नेहमीचा बी-वन लेव्हलचा, तरुणांसाठी कॉलेजकडे नेणारा आणि ज्यांना पुस्तकी शिक्षण झेपणारच नाही त्यांच्यासाठी तिसरा. निर्वासितांच्या क्लासचा खर्च पालिका करते. लग्न करून आलेल्यांना मात्र खिशातूनच भरावं लागतं. हे मला अजिबात पटत नाही. सासरी आलेल्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी फीचं बिल?

आणखी एक गंमत. (गंमत कसली, चिमटाच!) पुण्यात असताना 'बाहेरून आलेल्यांनी मराठी शिकायलाच हवं' यावर मी कट्ट्यावर तावातावाने भांडायचे. इथल्या आमच्या मराठी ग्रुपवरही तो विषय अधूनमधून पेटतो. एकदा मी विचारलं, 'डच किती जणांना येतं?' ग्रुप एकदम शांत. दोन स्मायली आल्या, बास.

बरं, या एक्सपॅट थाटालाही एक्स्पायरी डेट आहे. पाच वर्षांनी कायमचा परवाना हवा असेल तर तीच परीक्षा तुमच्याही वाट्याला येते. सीरियाच्या बाई तोवर पाळणाघरात नोकरीला लागलेल्या असतात, पालकांशी फाडफाड डच बोलत असतात. आणि आपण मात्र ऑफिसनंतर रात्री यूट्यूबवर क्रियापदं घोकतोय!

त्याच पाच वर्षांनी आणखी एक गोष्ट मिळते, आणि ती कुठल्याच वेलकम किटमध्ये सांगत नाहीत. मत! देशाच्या पार्लमेंटसाठी नाही, पण पालिकेच्या निवडणुकीत पाच वर्षं कायदेशीर राहिलेला परदेशीही मतदान करू शकतो. १९८६ पासून हे चालू आहे. अर्ज नाही, खेटे नाहीत. पालिकेत नाव आहे ना, मग 'स्टेमपास' पोस्टाने घरी येतो.

मार्च २०२२ मध्ये माझा आला. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन देसी घरांत तो जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला, कारण पाकिटावर सगळं डचमध्ये होतं. मी आणि सीरियाच्या बाईंनी तालकॅफेत पक्षांची पत्रकं टेबलावर पसरली. घरभाडं आणि सायकल ट्रॅक यावर कोण काय म्हणतंय ते त्या वाचून दाखवत होत्या, मी अडलेला शब्द मोबाइलवर शोधत होते. आम्ही दोघींनी मत कुणाला दिलं, ते मात्र एकमेकींना अजून सांगितलेलं नाही.