लोहे का औजार, नग एक

पॅकर्सच्या पोराने विळी दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. खाली पाट, पाटाला उभं पातं, पात्याच्या टोकाला खवणीचे दाते. घरं बांधण्याचा, म्हणजे खोक्यांत बांधण्याचा, त्याला चांगला पाच-सहा वर्षांचा अनुभव. पण हे त्याने पाहिलेलं नव्हतं. "मॅडम, ये क्या लिखूँ?" ताई म्हणाली, "विळी." त्याने तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, पण ळ काही वळेना. शेवटी यादीच्या ४२व्या ओळीत लिहिलं: लोहे का औजार, नग एक.

मार्च २०२३. बारा वर्षं गुरुग्राममध्ये काढून ताई पुण्याला परत निघाली होती. भाऊजी पुण्यात नव्या नोकरीवर आधीच रुजू झाले होते आणि भाचीही त्यांच्याबरोबर विमानाने गेली होती. मागे उरलं घर आणि गाडी. मी गेलो तो गाडीसाठी. डिझेलवर चालणारी, आठ वर्षांची, एचआर २६ पाटीची. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाडीला रस्ता बंद, असं हरित लवादाने २०१५ मध्ये ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केलं. त्यामुळे तिथे विकायला काढली तर भाव पडलेलाच. पुण्यात तीच गाडी आणखी काही वर्षं निवांत चालेल, हा ताईचा हिशेब. आरटीओची एनओसी तिने काढून ठेवली होती. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी, तिथला कर आधी भरायचा आणि जुन्या राज्याकडून परताव्यासाठी मागे लागायचं. ते पुढचं पुढे.

गाडी ट्रेलरवर चढवून पाठवता आली असती. पण ट्रेलरवाले गाडीत सामान ठेवू देत नाहीत, आणि आम्हाला गाडी हवी होती ती सामानासाठीच.

पॅकर्सची चार माणसं सकाळी आठला आली. त्यातला वयाने मोठा होता तो फक्त स्वयंपाकघर बघायचा; कपाटं, पलंग, पडदे ही पोरांची कामं. मी दोन तास ओट्याला टेकून त्याचे हात बघत होतो. खोक्याच्या तळाला आधी लांबीची एक टेप, मग दोन्ही कडांना आडव्या दोन. तळाशी चुरगळलेल्या कागदाची गादी. काचेच्या ताटल्या त्याने एकावर एक रचल्या नाहीत, एकेक कागदात गुंडाळून शेजारी शेजारी उभ्या केल्या. आडव्या थप्पीत वरचा सगळा भार खालच्या ताटलीच्या पोटावर येतो. उभी ताटली धक्का कडेवर घेते, आणि कड दणकट असते. खोकं बंद करण्याआधी ते दोन्ही हातांनी हलवून कान लावायचा. आतून जरा जरी खुळखुळलं तरी पुन्हा उघडायचा आणि फटीत कागद कोंबायचा. ताईने पुस्तकांसाठी मोठं खोकं पुढे केलं, तेव्हा तो हसला. "इसे उठाएगा कौन?" पुस्तकं सगळ्यांत लहान खोक्यांत गेली, उशा आणि रजया सगळ्यांत मोठ्या.

वॉशिंग मशीनपाशी त्याने सवयीने मान हलवली. पुढून उघडणाऱ्या मशीनचं पिंप आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतं. वाहतुकीत ते हेलकावू नये म्हणून मागून लांब बोल्ट आवळलेले येतात. मशीन बसवणारा माणूस ते काढून हातात देतो आणि मग ते कुणाच्याच घरात कधी सापडत नाहीत. ताई आत गेली आणि शिवणाच्या डब्यातून पिशवी घेऊन आली: चारही बोल्ट, त्यांच्या रबरी टोप्यांसकट. त्या माणसाने ते तळहातावर घेऊन बाकीच्या तिघांना दाखवले. बारा वर्षं तिने ते का जपले असतील, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या आईच्या शिवणाच्या डब्यातही अशीच कशाकशाची सुटी अंगं असत.

कंपनीने ट्रक चार दिवसांत पोचवू असं फोनवर सांगितलं होतं. बिल्टी हातात पडली तेव्हा कळलं की ट्रक आमच्या एकट्याचा नव्हे. सामान आधी गोदामात, मग दुसऱ्या कुणाच्या सामानाबरोबर ट्रक भरेल तेव्हा रवाना. भांडून उपयोग नव्हता, खोकी लिफ्टमधून खाली गेली होती. ताईने यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. विम्याचा दावा करायची वेळ आली तर ती यादीच काय ती साक्षीदार.

मग आमचं काम सुरू झालं. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा. इन्व्हर्टरची बॅटरी ॲसिडची, आडवी झाली की सांडणार. ती शेजाऱ्यांना दिली. ट्रक ज्याची हमी घेत नाही ते सगळं गाडीत: कागदपत्रांची बॅग, देव, लोणच्याच्या दोन बरण्या आणि झाडं. तुळस, मोगरा, कढीलिंब. कुंड्यांना दोन दिवस पाणी नव्हतं, कारण ओली माती जडही होते आणि सांडतेही. तुळस ड्रायव्हरच्या सीटमागे पाय ठेवायच्या खळग्यात. गाडीत सगळ्यांत कमी हिंदकळणारी जागा तीच. बरण्या रजईत गुंडाळून तिच्या शेजारच्या खळग्यात. देव ताईच्या मांडीवर.

भाऊजींना कुणीतरी भेट दिलेली एक सीलबंद बाटली कपाटातून निघाली. मी ती सामानात सरकवायला गेलो, ताईने हिसकावून घेतली. "वाटेत गुजरात आहे." राज्य झाल्यापासून, १९६० पासून, तिथे दारूबंदी, सीलबंद असो की नुसती पार जाणारी असो, परवान्याशिवाय गाडीत सापडली तर गुन्हा. बाटली समोरच्या फ्लॅटमधल्या काकांकडे गेली. त्यांनी ती अतिशय गंभीर चेहऱ्याने स्वीकारली.

शेवटी हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. दुसऱ्याकडे आपण कधी बघत नाही. मागची चाकं त्या दुसऱ्या आकड्यापर्यंत भरली. गाडी मागून दबली होती, त्यामुळे दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागला. स्टिअरिंगजवळचं छोटं चाक फिरवून तो खाली आणला.

निघायच्या आधी थोडी वादावादी झाली. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा टप्पा महिन्यापूर्वीच खुला झाला होता आणि मला त्यावर गाडी घालायची होती. ताई म्हणाली, जुनाच रस्ता. तिचं म्हणणं एवढंच की राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई करत पुण्याच्या वारज्यावरून पुढे चेन्नईला जातो. "तुझ्या बाल्कनीतून दिसतो तोच रस्ता इथे माझ्या सोसायटीबाहेर आहे. कशाला सोडायचा?" यावर मला काही सुचलं नाही.

बहरोडला पराठे, मग कोटपुतली, जयपूरला वळसा. किशनगढच्या आसपास ट्रकांवर संगमरवराच्या लाद्या, त्याही ताटल्यांसारख्याच उभ्या, तिरक्या लाकडी घोड्याला टेकवून बांधलेल्या. आता मला सगळीकडे बांधणीच दिसत होती. तिथून रस्ता नसीराबादवरून भीलवाड्याकडे जातो. भीलवाड्याच्या पुढे ताईने अचानक विचारलं, "आईचा स्टोव्ह काय केलास?"

आई गेल्यावर घर मी एकट्याने रिकामं केलं होतं. ताईला रजा नव्हती. रद्दीवाला, भंगारवाला आणि जुनं फर्निचर घेणारा असे तिघे बोलावून तीन दिवसांत उरकलं. ताईने फोनवर एकच वस्तू मागितली होती, विळी. ती मी कुरिअरने पाठवली.

"दिला," मी म्हटलं.

पुढचे पन्नासेक किलोमीटर ती बोलली नाही. मी गाडी चालवत राहिलो, ती मांडीवरचा देवांचा डबा धरून बसली. चित्तोडचा किल्ला डोंगरावर लांबच लांब दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "वाती मी नव्या घातल्या होत्या त्याला. मे महिन्यात आले होते तेव्हा."

रात्र उदयपूरला. दुसऱ्या दिवशी अरवलीची वळणं उतरून शामळाजी, मग अहमदाबाद, मग सुरत. त्या सपाट दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. एका टोलनाक्यावर फास्टॅगमधले पैसे संपले आणि मागच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत मी मोबाइलवर रिचार्ज करत बसलो, एवढंच. तिसऱ्या दिवशी भिलाड ओलांडून आच्छाडला मराठी पाट्या सुरू झाल्या. ताईने प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली, पंक्चरवाल्यांच्यासुद्धा. चारोटीला चहा. घोडबंदरला अडकलो ते दीड तास. बोरघाट अंधारात चढलो. कढीलिंबाची अर्धी पानं गळून सीटवर पडली होती. मोगऱ्याला काही झालं नव्हतं.

ट्रक नवव्या दिवशी आला. सामान उतरवायला तीन माणसं होती, इकडचीच. एकजण दारात उभा राहून यादी वाचायचा, दुसरा खोक्यावरचा नंबर ओरडायचा, ताई टिक करायची. दोन खुर्च्यांचे पाय खरचटले होते. काच एकही फुटली नव्हती.

"बेचाळीस. लोहे का औजार." वाचणाऱ्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "ताई, हे कसलं औजार म्हणायचं?"

दुसऱ्याने बबल रॅपच्या गठ्ठ्यावर बोट दाबून पाहिलं, मग एका टोकाने टेप फाडली. "अरे, विळी आहे ही."

ताईने ती उघड्यावर काढून फरशीवर ठेवली, पाटावर पाऊल दाबून हलत नाही ना ते बघितलं आणि पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. "धार गेलीय," ती म्हणाली. "खवणी ठीक आहे."

मी नारळ आणायला खाली गेलो.